सेकंदाला पन्नास ठिणग्या

पुण्यातल्या कुठल्याही वाड्याच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी तरी स्प्लेंडर उभी दिसेल. जुन्या ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलीमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ४९.५ मिलीमीटर. म्हणजे सगळा कारभार कटिंग चहाच्या ग्लासाएवढ्या जागेत चालतो. गाडी जरा पिळली आणि इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर गेलं, की त्या जागेत काय होतं याचा हिशेब एकदा मांडून बघा. क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. पिस्टन तेवढ्या वेळात १०० वेळा वर जातो, १०० वेळा खाली येतो आणि दिशा बदलताना २०० वेळा पूर्ण थांबतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण पेटतं, म्हणून कामाच्या ठिणग्या ५०. इनटेकचा व्हॉल्व्ह ५० वेळा उघडतो, ५० वेळा मिटतो, एक्झॉस्टचाही तसाच. हे सगळं एका सेकंदात. वर बसलेला माणूस तेव्हा कर्वे रस्त्यावर पीएमपीच्या बसला ओव्हरटेक करावं की नाही, एवढ्याच विचारात असतो.

याहून मोठं नवल पुढे आहे. आत पेटलेल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मग पिस्टन वितळून का जात नाही? कारण ज्वाळेला वेळच मिळत नाही. काही हजारांश सेकंदांत ती विझते आणि लगेच हवा-पेट्रोलचं पुढचं थंड मिश्रण आत येतं. जी उष्णता पिस्टनमध्ये शिरते, ती रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीला, भिंतीतून बाहेरच्या पात्यांना आणि पात्यांवरून वाऱ्याला जाते; खालून उडणारं ऑइल आपला वाटा उचलतं. या साखळीतली एक कडी जरी सुटली, तरी गाडी तापते. पावसाळ्यानंतर गॅरेजवाला सिलिंडरच्या पात्यांमधला वाळलेला चिखल खरवडत बसलेला दिसतो, तो गाडी देखणी दिसावी म्हणून नव्हे.

दहावीनंतर टू-व्हीलर मेकॅनिक व्हायचं का, हा विषय घरात निघाला, की बोलणं पगारावर जातं, नाहीतर काळ्या हातांवर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे येऊच. पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. वरचे दोन परिच्छेद वाचताना मनात ‘हो का?’ असं आलं, की ‘बरं, मग?’ असं आलं? हे शिक्षण घ्यायचं की नाही, ते बरंचसं इथेच ठरतं.

हा विचार करायला पुण्याइतकी सोयीची जागा देशात क्वचित असेल. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. १९७२ मध्ये चेतक आली आणि त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लुनाही रस्त्यावर आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही. २००१ मध्ये पल्सर आली. नव्या गाड्यांचं प्रदूषण मोजून प्रमाणपत्र देणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था इथेच, कोथरूडला टेकडीवर आहे. २०१८ मध्ये तर बातमीच झाली होती, की आरटीओकडे नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि त्यांनी शहराच्या लोकसंख्येला मागे टाकलं. त्यांतल्या सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे. जुने पाने-पकडी शोधायच्या तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार आहे. थोडक्यात, गाडी जन्माला येते तिथपासून भंगारात जाते तिथपर्यंतचा सगळा प्रवास एका शहरात बघायला मिळतो.

आता एक काम अगदी जवळून पाहू. टॅपेट.

गाडी सर्व्हिसिंगला टाकली, की बिलात ‘टॅपेट सेटिंग’ अशी एक ओळ असते आणि आपण तिच्याकडे न बघता पैसे देतो. इंजिनाच्या डोक्यावरची दोन छोटी झाकणं उघडली, की आत रॉकर दिसतो. हा रॉकर व्हॉल्व्हच्या शेंडीवर दाब देऊन तो उघडतो. पण व्हॉल्व्ह मिटलेला असताना दोघांच्या मध्ये जरासं अंतर ठेवावं लागतं. १००-१५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत ते ०.०५ ते ०.१० मिलीमीटरच्या घरात असतं. माणसाचा केस साधारण एवढाच जाड! एवढं अंतर ठेवायचं कशाला? तर व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. थंड इंजिनात अंतर अजिबात ठेवलं नाही, तर तापल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकतो आणि पूर्ण मिटत नाही. फटीतून जळता वायू निसटतो, कॉम्प्रेशन जातं आणि काही दिवसांनी व्हॉल्व्हची कड जळते. अंतर जास्त ठेवलं, तर रॉकर दर वेळी व्हॉल्व्हवर आपटतो आणि टिकटिक ऐकू येते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याचं अंतर इनटेकपेक्षा थोडं जास्त असतं.

हे अंतर मोजायला फिलर गेज नावाची पोलादी पात्यांची जुडी असते. पातं मध्ये सरकवायचं. ते ओढताना हलकंसं अडलं पाहिजे, पण निघालं पाहिजे. स्क्रू धरून नट आवळायचा, पुन्हा पातं घालून बघायचं. कारण नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि मघाशी बरोबर असलेलं अंतर बिघडतं. मुरलेला मिस्त्री हे सगळं दोन-तीन मिनिटांत करतो, ग्राहकाशी गप्पा मारत. नवीन पोराला तासभर लागतो. इंजिन गार असताना करायचं काम घाईत गरम इंजिनावर केलं, तर सगळं मुसळ केरात.

टिकटिक नेमकी कुठून येतेय, हे ओळखायची गॅरेजमधली जुनी पद्धत अजून चालते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. पोलादातून आवाज हवेपेक्षा कितीतरी चांगला पोचतो, त्यामुळे टोक जिथे टेकलंय तिथला आवाज बाकीच्या गोंगाटातून वेगळा निघतो. टॅपेट वरच्या बाजूला टिकटिकतं, टायमिंग चेन सैल झाली की एका बाजूला खळखळ येते, बेअरिंग खालून घरघरतं. कान तयार व्हायला वर्षं लागतात. ते कुठल्याही पुस्तकात लिहून देता येत नाही.

खरा आनंद मात्र निदानात आहे. हे एक नेहमीचं गाऱ्हाणं घ्या. “दादा, गाडी चार किलोमीटर मस्त चालते, मग बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की परत चालू!” घाईतला मेकॅनिक प्लग बदलेल, कार्बोरेटर उघडेल, कॉइलवर संशय घेईल. विचार करणारा विचारेल, “काका, गाडी नुकतीच धुतली होती का? पुढच्या वेळी बंद पडली, की आधी टाकीचं झाकण उघडून बघा.” जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांत टाकीच्या झाकणात हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते मातीनं किंवा गंजानं बुजलं, की पेट्रोल खाली जाईल तशी वरची जागा भरायला हवा आत येत नाही. टाकीत निर्वात होतो, तो पेट्रोलला धरून ठेवतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पाच मिनिटांत थोडी हवा कुठून तरी शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला, तर आजार सापडला. औषध म्हणजे एक टाचणी. सातवीच्या विज्ञानातला हवेचा दाब इथे कामाला येतो आणि ग्राहकाचे कॉइलचे पैसे वाचतात.

दुसरं उदाहरण याहून सुंदर आहे. किकला दम नाही, गाडी चढाला मरते, म्हणजे कॉम्प्रेशन गेलंय. पण कुठून? वर व्हॉल्व्हमधून की खाली रिंगांमधून? व्हॉल्व्हचं काम निघालं, तर हेड उतरवून भागेल. रिंगांचं निघालं, तर बोअर-पिस्टनपर्यंत जावं लागेल आणि खर्चाचा आकडाच बदलेल. इंजिन न उघडता हे कळावं म्हणून जाणता मेकॅनिक कॉम्प्रेशन गेज लावून आकडा बघतो, मग प्लगच्या भोकातून आत चमचाभर ऑइल सोडतो आणि पुन्हा आकडा बघतो. आकडा चढला, तर दोष रिंगांचा, कारण ऑइलनं रिंग आणि भिंत यांच्यातली फट तात्पुरती भरली. तसाच राहिला, तर व्हॉल्व्हचा, कारण तिथवर ऑइलचा काही उपयोग नाही. एक चमचा ऑइल आणि दोन शक्यतांचा निकाल! धुराचंही असंच. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबला, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपलंय, असा संशय घ्यायचा. गाडी पळवताना निळा धूर येतच राहिला, तर रिंगांकडे बघायचं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

जाता जाता पल्सरबद्दल थोडं. २००३ मध्ये तिच्यात एका सिलिंडरला दोन प्लग आले, ती डीटीएस-आय. एकाच बाजूने पेट घेतला, तर ज्वाळेला पूर्ण पोकळी ओलांडावी लागते. दोन्ही बाजूंनी पेटवलं, की अंतर निम्मं होतं आणि मिश्रण लवकर आणि नीट जळतं. या कल्पनेच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात २००७ पासून कज्जा सुरू झाला आणि २००९ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. बौद्धिक संपदेचे खटले रेंगाळू देऊ नका, रोज सुनावणी घ्या, असं न्यायालयानं त्या वेळी खालच्या न्यायालयांना बजावलं. गॅरेजमधलं पोरगं जो प्लग पॉलिश पेपरनं घासून पुन्हा बसवतं, त्यामागे एवढं रामायण आहे.

मग शिकायचं कुठे? पुण्यात औंधची सरकारी आयटीआय आहे, पिंपरी-चिंचवडला मोरवाडीत महापालिकेची आहे. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि त्याला विज्ञान-गणितासह दहावी लागते. त्यात भर मोटारींवर असतो, दुचाकीचा हात पुढे ॲप्रेंटिसशिपमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर बसतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतन मिळतं. सरकारी आयटीआयची फी खासगी कोर्सच्या मानानं फार कमी असते.

आयटीआयत सुरुवातीलाच मुलं कंटाळतात, कारण इंजिनाऐवजी हातात येते कानस. लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, भोक पाडायचं, आटे पाडायचे, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचायचा. पोरं म्हणतात, इथे बुलेट खोलायला आलोय, हे काय सुतारकाम! पण व्हर्नियर मोजतो ०.०२ मिलीमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, आणि मघाचं टॅपेट होतं ०.०५ चं. मोजमापाची भीती गेलेला मुलगा आणि ‘अंदाजे बसवून टाक’ म्हणणारा मुलगा यांच्या हातचं इंजिन वर्षभरानं ओळखू येतं. आट्यांचंही तसंच. ऑइल काढायचा बोल्ट पोलादाचा आणि तो बसतो ॲल्युमिनियममध्ये. जोर दाखवायला गेलात, की आटे जातात आणि ५० रुपयांच्या कामासाठी लेथवाल्याकडे पळावं लागतं. किती आवळायचं, हे टॉर्क पाना सांगतो. कधी थांबायचं, हे हाताला कळायला लागतं.

नुसतं गॅरेजमध्ये राहून शिकता येत नाही का? येतं. पुण्यातले कितीतरी उत्तम मेकॅनिक तसेच तयार झालेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. पण आता जमाना बदललाय. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ या प्रदूषण-मानकाची सक्ती झाली आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला इंजेक्टर काही मिलिसेकंदांसाठी उघडतो आणि मिटतो. किती वेळ उघडायचं, हे ईसीयू नावाचा गाडीतला छोटा संगणक ठरवतो, आणि तो ठरवतो क्रँक, थ्रॉटल, तापमान, ऑक्सिजन अशा सेन्सरांचं ऐकून. बिघाड झाला, की मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडला की कोड मिळतो.

कोड मिळाला म्हणजे काम झालं, असं वाटत असेल तर थांबा. समजा कोड आला, की ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात हवा जास्त दिसतेय. सेन्सर बदलला, बिल झालं, दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. दोष सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडात असतो. फुटक्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बिचारा सेन्सर जे दिसतं तेच खरं सांगत असतो. स्कॅनर तक्रार वाचून दाखवतो, कारण शोधायला माणूसच लागतो. मात्र त्या माणसाला मल्टिमीटर धरता आला पाहिजे आणि वायरिंगचा नकाशा वाचता आला पाहिजे. हे ऐकून-बघून उचलणं अवघड आहे, म्हणून मी शिक्षणाच्या बाजूने आहे.

आणि विजेवरच्या गाड्या? चेतक हे नाव २०२० मध्ये परत आलं, ते इलेक्ट्रिक होऊन. लुनाही २०२४ मध्ये तशीच परतली. त्यांत प्लग नाही, टॅपेट नाही, क्लच प्लेट नाही, इंजिन ऑइल बदलणं नाही. गॅरेजच्या रोजच्या कमाईतला मोठा घास हा असा हळूहळू जाणार आहे, उगाच कोणी गोड बोलू नये. राहतील ते ब्रेक, टायर, शॉकअप, कोनसेट, व्हील बेअरिंग आणि वायरिंग. उलट बाजूने, जुलै २०२४ मध्ये बजाजनेच सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आणली. तिच्या सीटखाली जी टाकी आहे, तसल्या टाकीत वायू साधारण २०० बार दाबानं भरलेला असतो. लिथियमची बॅटरी काय आणि ही टाकी काय, ‘खोलून बघू’ म्हणायची सोय नाही. आयटीआयच्या यादीत आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचाही ट्रेड आहे. आज सतरा-अठरा वर्षांचं असलेलं कोणी पुढची तीस वर्षं या धंद्यात काढणार असेल, तर त्यानं पेट्रोल आणि वीज दोन्ही शिकावं. रस्त्यावरच्या लाखो पेट्रोल गाड्या एका रात्रीत भंगारात जात नाहीत, पण तीस वर्षं फार मोठा काळ आहे.

पैशाबद्दल सरळ सांगायचं, तर सुरुवातीची वर्षं तुटपुंजी असतात. स्वतःचं गॅरेज टाकायचं, तर पुण्यात हत्यारांपेक्षा जागा महाग पडते, म्हणून कितीतरी हुशार हात फूटपाथच्या कडेला झाडाखाली बसतात. उकिडवं बसून गुडघे आणि कंबर धरते. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला घातक असतं, पण हातमोजे घालणारा गॅरेजमध्ये चेष्टेचा विषय होतो. खुशाल व्हावं, पण घालावेत. मे अखेरीस ब्रेकशूची गर्दी, पावसाळ्यात प्लगच्या टोपीत पाणी, सिंहगडावरून आलेल्या गाड्यांच्या करपलेल्या क्लच प्लेटा, असं वर्षाचं चक्र असतं. दसऱ्याला पाने धुऊनपुसून मांडतात, त्यांना झेंडू वाहतात, आणि त्या दिवशी हातही स्वच्छ असतात.

गाडी पळवायला आवडते म्हणून या धंद्यात येऊ नका. ती आवड दुसऱ्याची बंद पडलेली गाडी ढकलत आणताना दोन महिन्यांत विरते. बंद पडलेली गाडी का बंद पडली, हे कळल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही, त्यानं जरूर यावं. मुलींनीही यावं, फिलर गेज कोणाच्या हातात आहे, हे टॅपेटला कळत नाही.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरायचे असतात. परीक्षा मार्चमध्ये संपते, म्हणजे मधली सुट्टी मोकळी असते. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून त्या सुट्टीत रोज दोन तास जाऊन बसा. अठरा पूर्ण नसतील, तर राबायला जाऊ नका, नुसतं पाहायला आणि विचारायला जा. टेस्ट राइडला लायसन्स लागतं, तो मोह तर टाळाच. आई-वडिलांनीही एखाद्या दिवशी सोबत जावं. सुट्टी संपताना विचारायला प्रश्न उरले नसतील, तर दुसरा ट्रेड निवडा. वाढले असतील, तर अर्जात मोटर मेकॅनिकचा ट्रेड पहिल्या पसंतीला टाका.